भुसा आणि पऱ्हाट्यांचं कंपोस्ट: गुणोत्तर ३१ येतं, तरी ढीग थंड का पडतो?

पऱ्हाटी_भुसा (प्रश्न)

सुतारकामाच्या कारखान्यातला भुसा आणि शेतातल्या पऱ्हाट्या (कापसाच्या वाळलेल्या काड्या) यांचं एकत्र कंपोस्ट करायचं आहे. सध्याच्या ढिगात काय घातलंय ते आधी देतो.

भुसा ५०० किलो (कोरडा, ओलावा साधारण १५ टक्के), चिपरमधून (पात्यांनी तुकडे करणाऱ्या यंत्रातून) काढलेल्या पऱ्हाट्या ३०० किलो (तेवढ्याच कोरड्या), ताजं शेण ५०० किलो, युरिया १७ किलो, वरून ४५० लिटर पाणी. युरिया पहिल्याच दिवशी सगळा एकदम. कागदावर कर्ब:नत्र गुणोत्तर (एका भाग नत्रामागे किती भाग कर्ब) ३१ येतं, म्हणजे हवं तसं ३० च्या आसपास, आणि ओलावा ५५ टक्के.

पहिले तीन-चार दिवस तापमान ५८ अंशांपर्यंत गेलं आणि अमोनिया इतका की डोळे चुरचुरत होते. मग वास गेला आणि दुसऱ्या आठवड्यात तापमान ४० वर आलं. पाचव्या आठवड्यात ढीग कापल्यावर मधोमध राखेसारखा पांढरा, कोरडा थर दिसतो आणि तळाला काळपट, आंबूस वासाचा घट्ट थर. भुसा पिवळाच आहे, पऱ्हाटीचे तुकडे जसेच्या तसे.

विचारायचं आहे ते असं: गुणोत्तर बरोबर असताना नत्र उडालं कसं? हा ढीग वाचेल का, आणि पुढचा कसा लावावा? कुजवणारं कल्चर विकत घेऊन घालावं का? तयार मालाचं रोपवाटिकेसाठी मिश्रण होईल का? शिवाय प्लायवूड आणि एमडीएफचा भुसाही भरपूर मिळतो, तो घेतला तर चालेल का?

---

काडीकचरा

तुमचा हिशेब चुकलेला नाही, पण तो एकूण कर्बाचा आहे. जिवाणूंना त्यातला हाती लागेल तेवढाच कर्ब उपयोगाचा, आणि लाकडात हा फरक फार मोठा असतो. लाकडाच्या कोरड्या वजनात २० ते ३० टक्के लिग्निन (लाकूड कडक करणारं, सहज न कुजणारं द्रव्य) असतं आणि उरलेलं सेल्युलोजही त्याच्याच वेढ्यात अडकलेलं असतं. पहिल्या काही आठवड्यांत त्यातलं फार थोडं सुटतं.

तुमचेच आकडे घेऊ. भुशाचं कोरडं वजन ४२५ किलो, त्यात कर्ब सुमारे २१२ किलो, नत्र जेमतेम ०.४ किलो. पऱ्हाटीत कर्ब ११५, नत्र १.८. शेणात कर्ब ३८, नत्र १.८. युरियातून नत्र ७.८. एकूण कर्ब ३६५, नत्र ११.८, म्हणून ३१. आता काम चालावं इतपत अंदाजानं भुशातला चौथा हिस्सा, पऱ्हाटीतला निम्मा आणि शेणातला तीन चतुर्थांश कर्ब सुरुवातीला हाती लागतो असं धरा. ५३ + ५७ + २९, म्हणजे १४० च्या आत. भागिले ११.८ केलं तर गुणोत्तर १२ च्या आसपास येतं. १२ गुणोत्तराचा ढीग अमोनिया सोडणारच.

त्यात युरिया सगळा एकाच दिवशी पडला. शेणातल्या युरिएज विकरामुळे तो दोन-तीन दिवसांत फुटतो, सामू (पीएच) ८.५ च्या वर जातो आणि अमोनियमचा अमोनिया वायू होऊन उडतो. उष्णता त्याला मदतच करते. मग नत्र संपलं, सोपा कर्बही संपला, मागे उरलं लाकूड. म्हणून ढीग थंड पडला.

मधला पांढरा थर म्हणजे ॲक्टिनोमायसिटीस, बुरशीसारखे दिसणारे जिवाणू. ते वाईट नाहीत, पण राखेसारखे भुरभुरीत दिसले की तो भाग तापून कोरडा पडलाय हे नक्की. तळाचा आंबूस थर हवेअभावी झालाय. बारीक भुसा स्वतःच्या वजनानं दबतो आणि पाणी खाली उतरतं. एकाच ढिगात वर कोरडं आणि खाली चिखल, हे भुशाच्या ढिगाचं नेहमीचं दुखणं.

आहे तो ढीग वाचवायचा तर: पूर्ण मोडा. तळाचा काळा थर उन्हात वाळवू नका, पातळ पसरून तासभर वारा द्या आणि फोडून मिसळा. निम्मं नत्र गेलं असं धरून चाला. ते भरायला भुशाच्या गादीवरचं, ३० टक्के ओलाव्याचं कोंबडखत २५० ते २७५ किलो लागेल (ओल्या वजनावर नत्र २ टक्क्यांच्या थोडं वर). कोंबडखत नसेल तर हिरवा पाला, गवत किंवा भाजीचा कचरा, पण तो वजनानं तिप्पट-चौपट लागतो. पुन्हा युरिया नको.

पुढचा ढीग असा लावा: भुसा ३०० किलो, फाडलेल्या पऱ्हाट्या ४०० किलो, शेण ८०० किलो, कोंबडखत ३०० किलो, पाणी सुमारे ३५० लिटर. कागदावर गुणोत्तर ३५ येईल. लाकूड जास्त असलेल्या मिश्रणात ३० चा हट्ट धरू नका, ३५ ते ४० वर ते उलट नीट चालतं. शेण आणि कोंबडखतातलं बरंचसं नत्र सेंद्रिय रूपात असतं, टप्प्याटप्प्यानं सुटतं, त्यामुळे लाकडाच्या चालीशी जुळतं.

युरियाशिवाय पर्यायच नसेल तर १०० किलो कोरड्या भुशामागे एकूण २ ते २.५ किलो, तोही तीन-चार हप्त्यांत. प्रत्येक पलटीच्या वेळी पाण्यात विरघळवून झारीनं द्या. सोबत सिंगल सुपर फॉस्फेट कोरड्या मालाच्या १ ते २ टक्के घातलं तर अमोनिया बराच धरला जातो आणि स्फुरदही मिळतं. चुना मात्र अजिबात नको. सामू वाढला की उरलंसुरलं नत्रही जातं. ‘ढीग आंबट झाला, चुना टाका’ हा सल्ला सर्रास ऐकायला मिळतो. आंबटपणा हवा नसल्यानं येतो, हवा दिली की जातो.

कामाचा क्रमही महत्त्वाचा. कोरड्या भुशावर पाणी मारलं तर ते घरंगळून जातं, राळ असलेल्या लाकडाचा भुसा तर पाणी झिडकारतोच. म्हणून भुसा आदल्या दिवशी शेणकाल्यात भिजवून ठेवा: शेण आणि पाणी मिळून काला करा, भुशावर ओता, फावड्यानं दोनदा वरखाली करा, रात्रभर ताडपत्रीखाली राहू द्या. दुसऱ्या दिवशी पऱ्हाटी आणि कोंबडखत घालून सगळं एकजीव करा. थर लावत बसू नका. फोटोत थर छान दिसतात, पण भुशाच्या थरात शेण आपोआप शिरत नाही.

ढीग तळाशी अडीच मीटर रुंद, १.३ मीटर उंच. वरच्या मालाचा तो जेमतेम दोन मीटर लांब होईल. यापेक्षा लहान केला तर उष्णता टिकणार नाही.

ओलाव्याची मूठ-चाचणी सगळ्यांना माहीत आहे: घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब, गोळा राहतो, टिचकी मारली की फुटतो. पण लाकडाच्या तुकड्यांत ती फसवते. एक तुकडा हातानं मोडून आत बघा. बाहेरून ओला आणि आत फिकट, कोरडा असेल तर अजून पाणी हवं.

थर्मामीटर ५० ते ६० सेंटिमीटर आत, तीन जागी. ६५ च्या वर गेलं तर पलटी. ५० च्या खाली घसरलं तरी पलटी आणि पाणी. रोगजंतू आणि तणाचं बी मारायचं असेल तर पलटीच्या ढिगात ५५ अंशांच्या वर एकूण १५ दिवस आणि त्या काळात किमान पाच पलट्या, हा सर्वमान्य निकष. पलटी म्हणजे बाहेरचा माल आत जायला हवा, नुसतं ढवळणं नव्हे. पऱ्हाटीत हे टाळू नका. न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसलेली असते आणि मर रोगाची बुरशी काडीत असते. ढिगाचा बाहेरचा १५-२० सेंटिमीटरचा थर कायम थंड राहतो, तिथलं काहीच मरत नाही.

---

यंत्रघर

वरच्या प्रतिसादात ‘फाडलेल्या’ पऱ्हाट्या म्हटलंय, तो शब्द महत्त्वाचा आहे. प्रश्नात चिपर आहे आणि निम्मं दुखणं तिथेच आहे.

चिपरची पाती लाकूड स्वच्छ कापतात. तुकड्याच्या कडा गुळगुळीत राहतात आणि सालही शाबूत. पाणी आणि बुरशी आत शिरतात त्या फक्त दोन टोकांकडून. हॅमर मिल किंवा हातोड्यांचा श्रेडर लाकूड ठेचतो, तंतू लांबीनं उसवतो आणि साल सुटते. तेवढ्याच लांबीचा तुकडा, पण कुजायला कितीतरी सोपा. चिपरच असेल तर त्याचा माल पुन्हा हॅमर मिलमधून २५ ते ४० मिलिमीटरच्या जाळीतून काढा. जाळी १० मिलिमीटरच्या खाली नेऊ नका, नाहीतर भुशात भुसाच वाढेल आणि हवा कोंडेल. पऱ्हाटी किंचित ओलसर असताना फाडली तर धूळ कमी उडते आणि तंतू चांगले उसवतात. एकदम हिरवी असेल तर सालीचे लांब दोर रोटरला गुंडाळतात.

मिश्रणात हवा खेळेल की नाही हे ढीग लावण्याआधीच बादलीनं कळतं. २० लिटरची बादली एक तृतीयांश भरा आणि वीतभर उंचीवरून दहा वेळा जमिनीवर आपटा. मग दोन तृतीयांश भरून पुन्हा दहा वेळा. मग काठोकाठ भरून पुन्हा दहा वेळा. खाली बसेल तेवढा माल घालून काठ बरोबर करा आणि बादलीचं वजन वजा करून तोला. ८ ते १२ किलो आलं तर उत्तम. १३ च्या वर गेलं तर घनमीटरला ६५० किलोंच्या पुढे चाललात, आणखी काडी घाला. ८ च्या खाली असेल तर मिश्रण फार फुसफुशीत आहे, उष्णता धरणार नाही. या एका चाचणीनं तळाचा आंबूस थर आधीच ओळखता आला असता.

ढिगाखाली जाड चिप्स किंवा न फाडलेल्या पऱ्हाट्यांची २० ते ३० सेंटिमीटरची गादी हवीच. चिपरचा गुळगुळीत माल तिथे वापरा, त्याची खरी जागा ती.

पलटीला माणसं नसतील तर नळीनं हवा द्यायची सोय अवघड नाही. ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या, खालच्या अंगाला दोन्ही बाजूंनी तिरकी १० मिलिमीटरची भोकं, दर २० ते २५ सेंटिमीटरवर. दूरचं टोक बंद. ढिगाच्या दोन्ही टोकांकडचा मीटरभर पाइप भोकांविना ठेवा, नाहीतर हवा जवळच्या वाटेनं बाहेर पडते आणि मधला भाग तसाच राहतो. पाइप गादीत पुरा, त्यावर ढीग, आणि ढिगावर तयार कंपोस्टचा १५ सेंटिमीटरचा थर. हा थर उष्णता आत ठेवतो, वास गाळतो आणि बाहेरचा कच्चा मालही तापवतो. अशा झाकलेल्या ढिगात ५५ अंशांच्या वर सलग तीन दिवस पुरेसे धरतात.

ब्लोअर सतत चालवायचा नाही. दर २० मिनिटांनी एक-दोन मिनिटं, एवढ्यावर टायमर लावून सुरुवात करा. तापमान ६५ च्या वर चढलं तर वेळ वाढवा, ४५ च्या खाली अडलं तर कमी करा. जास्त हवा दिल्यानं ढीग थंड आणि कोरडा होतो. ब्लोअरवर विसंबलेल्या ढिगात हीच चूक सर्वाधिक दिसते. हवा खालून येते म्हणून सुकणंही खालून सुरू होतं, वरचा थर ओलाच दिसतो. तीन आठवड्यांनी एकदा ढीग मोडून पाणी द्यावंच लागतं, त्याला सुटका नाही.

एक धोक्याची गोष्ट. भुसा किंवा चिप्स कच्चे साठवताना ढीग तीन मीटरच्या वर नेऊ नका. मोठ्या, अर्धवट ओल्या ढिगात उष्णता आतच साठत जाते आणि आपोआप आग लागते. धुरकट वास आला आणि आतलं तापमान ८० च्या पुढे दिसलं तर ढीग घाईनं उघडू नका, आत एकदम हवा गेली की भडका उडतो. पाण्याचा पाइप हाताशी ठेवून कडेकडेनं मोडत जा.

---

बुरशीमित्र

कल्चरविषयी. चांगलं कल्चर चुकीच्या दिवशी घातलं जातं, खरी अडचण तिथे आहे.

लिग्निन खऱ्या अर्थानं फोडतात त्या पांढऱ्या कुजीच्या बुरशी: फॅनेरोकीट, ट्रॅमेटीस, धिंगरी अळिंबीची प्ल्युरोटस. ट्रायकोडर्मा ही बुरशी सेल्युलोजवर चांगली चालते, लिग्निनवर तिचं फारसं चालत नाही. यातली कोणतीच ५५-६० अंशांत तग धरत नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी ढिगात ओतलेलं ट्रायकोडर्मा आठवडाभरात बहुतेक मरून जातं. सुरुवातीच्या गरम टप्प्याला लागणारे जिवाणू शेणात आणि जुन्या कंपोस्टमध्ये आधीच भरपूर असतात. विरजण म्हणून जुन्या ढिगातला चाळणीवर उरलेला माल ५ ते १० टक्के मिसळलात तरी काम भागतं.

कल्चर घालायचं ते ढीग उतरून ४० अंशांच्या खाली स्थिर झाल्यावर. तेव्हा ओलावा ५५ ते ६० टक्के करा, ट्रायकोडर्मा पाण्यात किंवा थोड्या शेणखतात वाढवून मिसळा आणि त्यानंतर पलटी जवळजवळ थांबवा. बुरशीचे धागे वारंवार तोडले की ती पुन्हा शून्यापासून सुरू होते. गरम टप्प्यात पलटी हवी, थंड टप्प्यात नको. भुशाचा ढीग महिनोन्‌महिने दर आठवड्याला पलटत राहिलं तरी तो काळा होत नाही, त्याचं कारण बहुतेकदा हेच. जास्तीच्या नत्रानंही पांढऱ्या कुजीच्या बऱ्याच बुरशींचं लिग्निन फोडणं मंदावतं, म्हणून या टप्प्यात युरिया तर नकोच.

दुसरी वाट उलटी आहे: आधी बुरशी, मग ढीग. पऱ्हाटी, गव्हाचं काड किंवा पानझडी लाकडाचा भुसा यांवर धिंगरी घ्यायची आणि उरलेला बेड कंपोस्टला टाकायचा. तोपर्यंत बुरशीनं लाकूड मऊ केलेलं असतं, गुणोत्तरही बरंच खाली आलेलं असतं. असा बेड शेणात मिसळून दोन-तीन महिन्यांत तयार होतो. चीडसारख्या राळेच्या लाकडाचा भुसा मात्र धिंगरीला मानवत नाही.

पलटीच नको असेल तर जॉन्सन-सू पद्धत बघा. जाळीचा उभा पिंप, आत उभे पाइप अशा अंतरावर की कोणताही कण हवेपासून ३० सेंटिमीटरच्या आतच राहील. भरल्यावर दिवसभरात पाइप काढून घेतात, भोकं तशीच राहतात. तापमान उतरलं की गांडुळं सोडायची, ओलावा ७० टक्क्यांच्या आसपास कायम ठेवायचा आणि वर्षभर हात लावायचा नाही. माल थोडा निघतो, पण बुरशीनं समृद्ध निघतो. पालापाचोळा आणि बारीक चिप्स यांसाठी ठीक. नुसता भुसा त्यात भरू नका, भोकं ढासळतात.

---

कुंडीमाती

आधी प्लायवूड आणि एमडीएफ: घेऊ नका. त्यात युरिया-फॉर्मल्डिहाइड किंवा फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो, शिवाय लॅमिनेट आणि पॉलिशचे कण. ‘युरियाच आहे, नत्र मिळेल’ असा युक्तिवाद कुणी केला तर ऐकू नका. हिरवट झाक असलेलं, वाळवी लागू नये म्हणून प्रक्रिया केलेलं लाकूडही नको. त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असू शकतं आणि ते कंपोस्टमध्ये नष्ट होत नाही. उलट ढीग आटतो तसं त्याचं प्रमाण वाढतं. जुन्या रंगवलेल्या चौकटींत शिसं असू शकतं. कारखान्याशी बोलून साध्या लाकडाच्या करवतीचा आणि रंध्याचा भुसा वेगळ्या पोत्यात घ्या. मिसळलेला भुसा नंतर वेगळा करता येत नाही.

शेतातल्या कचऱ्यातही एक खोच आहे. क्लोपायरॅलिड, अमिनोपायरॅलिड या गटातली तणनाशकं गरम ढिगातूनही टिकून राहतात, जनावराच्या पोटातूनही. अशा शेतातलं काड किंवा त्यावर पोसलेल्या जनावरांचं शेण आलं असेल तर टोमॅटो, वाल, मटार यांची पानं वाकडी होतात. तयार कंपोस्ट आणि माती समप्रमाणात घेऊन वालाचे दहा-बारा दाणे लावा, तीन आठवडे पानं बघा. शेंडा चमच्यासारखा वळला तर तो माल कुंडीला किंवा भाजीला नको.

आता काय बनवायचं. सगळ्याचं एकच खत करायचा आग्रह सोडा. लाकडाच्या प्रत्येक रूपाला वेगळी वाट आहे.

जाड चिप्स कुजवत बसू नका, झाडांच्या आळ्यात ८ ते १० सेंटिमीटर आच्छादन म्हणून घाला. फक्त मातीत मिसळू नका. कच्चा भुसा किंवा चिप्स मातीत गाडले की जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. एक टन कोरड्या भुशामागे साधारण १० किलो नत्र असं अडकतं. वर पसरलेल्या आच्छादनात हा परिणाम मातीच्या वरच्या पातळ थरापुरताच राहतो.

साल वेगळी मिळत असेल तर ती सोनं आहे. साल नत्र घालून कुजवली, चाळली, की कुंडीच्या मिश्रणाला उत्तम: हलकी, निचऱ्याची, लवकर बसत नाही. शिवाय ती मुळं कुजवणाऱ्या पिथियम आणि फायटोफ्थोरा बुरशींना दाबते. अमेरिकेत हॅरी हॉइटिंक यांनी १९७० च्या दशकापासून यावर काम केलं आणि तिथल्या रोपवाटिका कुजवलेल्या सालीकडे वळल्या. पण हा गुण नीट मुरलेल्या सालीचा, ताजीत नाही. ताज्या सालीतली फिनॉलं आणि टॅनिनं उलट मुळांना जाळतात. निलगिरी आणि अक्रोडाच्या लाकडालाही हेच लागू, गरम टप्पा आणि नंतरचे काही महिने यांत ती द्रव्यं विरतात.

भुसा-पऱ्हाटीचं कंपोस्ट शेताला १२ मिलिमीटरच्या चाळणीनं, कुंडीला ८ ते १० मिलिमीटरच्या. चाळताना ओलावा ३५ ते ४५ टक्के हवा. त्यापेक्षा ओलं असेल तर जाळी तुंबते आणि माल गोळे होऊन वरच राहतो. कोरडं असेल तर धूळ उठते, आणि त्या धुळीत ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात. पलटी आणि चाळणी दोन्ही वेळी एन-९५ मास्क लावा. दमेकऱ्यांनी या कामापासून दूरच राहावं.

कोंबडखत घातलेलं कंपोस्ट खारट असतं. रोपांच्या ट्रेमध्ये ते एकूण मिश्रणाच्या पाव भागापेक्षा जास्त नको. मोठ्या कुंडीत एक तृतीयांश चालतं. उरलेलं कुजवलेली साल, कोकोपीट, थोडी जाड वाळू.

मुरलंय की नाही हे रंगावरून ठरवू नका, भुसा नुसता भिजूनही काळा दिसतो. तीन चाचण्या करा. घनमीटरभर माल ओला करून ढीग लावा: आठवड्यात आतलं तापमान हवेपेक्षा ८-१० अंशांहून जास्त चढलं तर कच्चं. मूठभर ओलं कंपोस्ट पिशवीत हवाबंद करून आठवडाभर सावलीत ठेवा: उघडल्यावर मातीचा वास यावा, आंबट किंवा अमोनियाचा नको.

तिसरी बियाण्याची, आणि रोपवाटिकेसाठी हीच खरी. एक भाग कंपोस्ट दहा भाग पाण्यात तासभर हलवा, गाळा. एका बशीत गाळणकागदावर हा अर्क, दुसऱ्यात साधं शुद्ध पाणी, दोन्हींत मुळ्याचे किंवा अळिवाचे वीस-वीस दाणे. दोन-तीन दिवसांनी उगवलेले दाणे मोजा आणि मुळांची लांबी मोजा. अर्कातली उगवण पाण्यातल्या उगवणीच्या किती टक्के, लांबी किती टक्के, दोन्हींचा गुणाकार भागिले शंभर. उगवण ९० टक्के आणि मुळं ७० टक्के असतील तर निर्देशांक ६३. ८० च्या वर असेल तर बिनधास्त वापरा, ५० च्या खाली असेल तर रोपं जळतील. मधला आकडा आला तर अजून महिना मुरू द्या.

गांडूळखत करायचं तर माल तीसच्या खाली थंड झाल्यावरच. आयसेनिया फेटिडा (गांडूळखतातली गांडुळाची जात) ३५ अंशांत टिकत नाही आणि अमोनिया तर तिला अजिबात सोसत नाही. नुसत्या लाकडावर ती जगणार नाही, अर्धं तरी शेणखत हवं.

---

पऱ्हाटी_भुसा

सविस्तर उत्तरांसाठी आभार. बादली-चाचणी केली: २० लिटरला १४ किलो भरलं. म्हणजे काडी कमीच होती. आणखी दोन शंका. पऱ्हाटीची मुळाकडची अंगठ्यापेक्षा जाड खोडं हॅमर मिलमध्ये अडकतात, त्यांचं काय करावं? आणि मुरायला ठेवलेल्या जुन्या ढिगात पांढऱ्या, जाड, अर्धगोल अळ्या दिसताहेत, ती हुमणी का?

---

काडीकचरा

१४ म्हणजे घनमीटरला ७०० किलो, त्यात हवा खेळणं शक्यच नव्हतं. कोंबडखताबरोबर फाडलेली काडीही घाला आणि बादली १२ च्या आत येईपर्यंत घालत राहा.

जाड खोडांचा कोळसा करा. ती २० टक्क्यांच्या खाली वाळू द्या, शंकूच्या आकाराच्या खड्ड्यात किंवा पत्र्याच्या भट्टीत वरून पेटवा. वरचा थर राखाडी दिसायला लागला की पुढचा थर टाका. ज्वाळा वरची हवा खाते, म्हणून खालचा कोळसा जळून राख होत नाही. शेवटी भरपूर पाण्यानं पूर्ण विझवा, आत निखारा राहिला तर रात्रीत राख होते. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या पाचवा ते चौथा हिस्सा कोळसा मिळतो. तो बारीक करून नवीन ढिगात पहिल्याच दिवशी, आकारमानानं १० टक्क्यांपर्यंत मिसळा. अमोनिया धरायला तो चांगला. कच्चा कोळसा थेट कुंडीत घालू नका. त्याचा सामू ९-१० असतो आणि तो सुरुवातीला नत्र स्वतःकडे ओढतो.

---

बुरशीमित्र

अळ्या हुमणीवर्गीय भुंगेऱ्यांच्याच आहेत, पण कोणत्या ते बघावं लागेल. अळी पालथी ठेवा. पाठीवर पडून सरपटत गेली तर ती फुलभुंग्याची असते, कुजका पाला खाते, तिच्यापासून त्रास नाही. उलट लाकूड बारीक करून देते. कुशीवर इंग्रजी सी आकारात वळून पडून राहिली आणि बोटाएवढी जाड असेल तर गेंड्या भुंगा असू शकतो. त्याचा भुंगा नारळाच्या आणि इतर ताडवर्गीय झाडांच्या शेंड्यात शिरतो. पिकांची मुळं खाणारी हुमणीही शेणखतातून शेतात जाते.

गरम ढिगात यांतली कोणतीच जगत नाही. त्या येतात मुरायला ठेवलेल्या थंड ढिगात, भुंगे येऊन अंडी घालतात. म्हणून मुरणारा ढीग बारीक जाळीनं झाका, कडेला माती लावून जाळी दाबा. आत्ता असलेल्या अळ्या चाळणीवर वेचून काढा. उरलेल्यांसाठी अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी पाण्यात कालवून संध्याकाळी ढिगात मिसळा. तेव्हा ढीग ३० अंशांच्या खाली आणि ओलसर हवा. कोरड्या ढिगात ती रुजत नाही. शेतात न्यायच्या आधी पुन्हा एकदा चाळा, कारण अंडी आणि बारीक अळ्या पहिल्या चाळणीतून निसटतात.